सतरा घास

सातारच्या दफ्तरखान्यात आकाराम शिपाई होता. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच. साहेबांनी आकडा सांगायचा, यानं शिडी लावून रुमाल खाली काढायचा, धूळ झटकून टेबलावर ठेवायचा आणि संध्याकाळी होता तिथं परत चढवायचा. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. सिंगणगडच्या राजाचे असे दोन हजार रुमाल तिथं होते. राजा गेला, गडावर शेळ्या चरायला लागल्या, पण राजाच्या कारकुनांनी खरडलेला एकेक चिटोरा सरकारनं पोटच्या पोरासारखा जपला होता.

मोडी त्याला कुणी शिकवली नाही. पुण्याहून अभ्यासक यायचे, मोठ्यानं वाचायचे, हा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभा राहायचा आणि अक्षर न् अक्षर डोळ्यांनी उचलायचा. सातआठ वर्षांत असा तयार झाला, की डॉक्टर पदवीवाले अडले की इकडंतिकडं बघून हळूच विचारायचे, "आकाराम, हे काय लिहिलंय रे?" हा सांगायचा. पुढं पुस्तक यायचं, त्यात आभार साहेबांचे असायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात त्याच्या गावाहून दोघं आले. गाव तांबखडी, विट्याच्या अलीकडं. एक आप्पासाहेब पाटील, गावचे सरपंच, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, अकरा एकर उसाचे धनी. दुसरा राजरत्न, आकारामच्या थोरल्या भावाचा मुलगा, बौद्धवस्तीतल्या तरुणांचा पुढारी.

"आकाराम, शिवेवर दगड बसवतोय," आप्पासाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "राजानं आपली शीव कायम करून दिली त्याला दोनशे पंचाहत्तर वर्षं झाली. तेचा कागद तुमच्या हितं हाय म्हणत्यात. हुडकून काढ, आन् कार्यक्रमात वाचायचा पण तूच."

राजरत्नला दम निघत नव्हता. "काका, दगडावर सोननाकाचं नाव येणार हाय. पाटलांच्या खाली न्हाई, शेजारी! वर्षभर भांडलोय पंचायतीत."

"लय भांडलाय," आप्पासाहेब हसले. "एवढं सरहद्दीवर भांडला असता तर चक्र मिळालं असतं गड्याला."

सोननाकाची गोष्ट तांबखडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. तांबखडी आणि शेजारची ओझरवाडी, दोन्ही गावांचा शिवेवरून तंटा. दोन्हीकडचे पाटील राजाकडं गेले. राजा म्हणाला, दिव्य करा. कढईत तेलतूप उकळायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा आणि उघड्या हातानं तो बाहेर काढायचा. मग हात पिशवीत घालून वर मोहोर करायची, तिसऱ्या दिवशी पिशवी फोडायची. हात भाजला नसेल तर ते गाव खरं. आता कढईत हात कुणी घालायचा? शिवेचा राखणदार महार, म्हणून महारानं. जमीन पाटलाची, इनाम पाटलाचं, मान पाटलाचा, हात तेवढा महाराचा. आणि याला न्याय म्हणत.

तर तांबखडीच्या सोननाकानं हात घातला आणि तिसऱ्या दिवशी तो फुलासारखा उजळ निघाला. तांबखडी जिंकली. ओझरवाडीच्या येसनाकानं दाखवलेली शीव खोटी ठरली.

आकाराम सोननाकाच्याच घरातला. त्याची भावकी ही गोष्ट सांगताना अजून छाती काढत होती. छप्पन्न साली सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, देव नदीत टाकले, महारकीची कामं टाकली. ओझरवाडीच्या वस्तीनंही तेच केलं, त्याच महिन्यात. पण तांबखडीच्या बौद्धांनी ओझरवाडीच्या एका घराशी सोयरीक केली नाही ती नाहीच. येसनाकाचं घर. त्याला नावच पडलं होतं, खोट्याचं घर. मागच्याच वर्षी त्या घरातला गुंडा आपल्या मुलासाठी आकारामच्या प्रियंकाला मागायला आला होता. मुलगा जतकडं शाळेत मास्तर, निर्व्यसनी. आकारामनं दारातच सांगितलं, पोरीला शिकायचं हाय. पोरीला शिकायचं होतं हे खरं, पण नकाराचं कारण ते नव्हतं. गुंडालाही ते कळलं होतं. तो चपला घालून गेला.

महजर दोन दिवसांत सापडला. महजर म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. खाली साक्षी, पाटलांच्या सहीला नांगराचं चित्र. आकारामनं तो टेबलावर पसरला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची खानदानं वाचली, आज आपलं नाव समोर होतं.

"सोननाक महार मौजे तांबखडी याणे राजीखुशीने दिव्य केले. तिसरे दिवशी गोतसभेत पिशवी फोडून हात पाहिला. फोड नाही, डाग नाही, हात उजळ. सबब तांबखडीचे पाटील खरे जाहले. येसनाक महार मौजे ओझरवाडी याणे दाखविली शीव खोटी. येसनाक खोटा."

त्यानं नक्कल उतरून घेतली. मग सवयीनं रुमालातला पुढचा कागद उचलला. वीतभर लांबीचा, चार घड्या घातलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. महजरानंतर महिन्याभरानं लिहिलेला.

"सोननाक महार याचे बायकोने हुजूर येऊन अर्ज केला जे, आपला दादला दिव्याचे हाताने मेला. पिशवी फोडली ते समयी आपण पाहिले, कातडे पिशवीस लागोन आले. हात कोपरापावेतो नासला. सतरा रोज आपण आपले हाते घास भरविले. अठरावे रोजी मेला. लेकरू लहान आहे. साहेबी दया करावी."

आणि त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, घाईच्या कारकुनी वळणात:

"हात उजळ निघाला ऐसे महजरी दाखल आहे. उजळ हाताने मनुष्य मरत नाही. सबब अर्ज खोटा. उत्तर देऊ नये."

जेवणाचा डबा समोर तसाच होता. आकारामनं झाकण काढलं नाही.

बाई खोटं बोलली असेल, पोटासाठी माणूस काहीही बोलतो, असं त्याच्याही मनात येऊन गेलं. पण सतरा हा आकडा त्याला सोडेना. त्यांच्या भावकीत लग्न लागलं की एक खेळ होतो. नवरदेवाचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गाठ मारतात आणि नवरीनं त्याला घास भरवायचे. मोजून सतरा. राजरत्नच्या लग्नातही झाला होता. त्याची बायको माया भरवत होती, पोरं ओरडत होती, "वहिनी, लाडू मोठा कोंबा, म्हंजी बोलायचं बंद व्हईल!" राजरत्न गाल फुगवून मोजत होता. सगळा मांडव हसत होता. त्यात देव नाही, पूजा नाही, म्हणून धम्म घेतल्यावरही तो कुणी सोडला नाही. खेळच तर होता.

आकाराम रुमाल तसाच उघडा टाकून बाहेर आला आणि दफ्तरखान्याच्या पायरीवर बसला. साहेबांनी दोनदा घंटी वाजवली. तो उठला नाही.

रविवारी त्यानं तांबखडी गाठली. आई मनुबाई अंगणात पाय पसरून ज्वारी पाखडत होती. ऐंशीच्या घरातली बाई, ऐकायला कमी, बोलायला धारदार.

"आये, लग्नात सतराच घास का गं?"

"माज्या सासूनं सांगितलं सतरा, म्हून सतरा."

"अठरावा दिला तर?"

सूप थांबलं. "द्यायचा न्हाई."

"का पण?"

"मी नवी व्हते तवा चेष्टेत अठरावा उचलला. सासूनं हातावर फाटकन मारलं. समद्यांच्या म्होरं. आमी पोरीबाळी हसायचो रं, पर म्हाताऱ्या कवा हसल्या न्हाईत. तोंड फिरवून बसायच्या. मीबी आता तसंच करतीया. का करतीया, मला काय म्हाईत."

आकारामनं खिशातली अर्जाची नक्कल काढून वाचली, तीही त्यानं उतरून आणली होती. शब्द जुने होते, ते सोपे करून सांगितले. मनुबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नाव काय तिचं?"

"लिवलं न्हाई. सोननाकाची बायको, एवढंच."

"लिवणाऱ्याला कशाला लागतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा बोलली, "म्हंजी ओझरवाडीच्या लोकास्नी आपून उगंच..."

तिनं सूप पुन्हा उचललं.

संध्याकाळच्या आत तो आप्पासाहेबांच्या सोप्यात होता. राजरत्न तिथंच होता, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नावं ठरत होती. आकारामनं दोन्ही कागद वाचून दाखवले. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दुसरा कागद कुणाला दावलाय?"

"आयेला."

"बास. तिथंच ऱ्हाऊ दे. हे बघ आकाराम, मी तीस वर्षं फौजेत काढली. तिथंबी कागद लिवत्यात. सियाचिनला माज्या पलटणीतला एक पोरगा मेला. जतकडचा, धनगराचा. का मेला, कुणाच्या चुकीनं मेला, आमा चौघांना म्हाईत व्हतं. रिपोर्टात लिवलं, आजारानं. सही माजी हाय. कागद खरं सांगाय नसतो रं. कागद प्रकरण मिटवाय असतो. राजानंबी तेच केलं. दोन गावं डोकी फोडत व्हती, त्येनं मिटवलं. तू कशाला परत उकरतोयस?"

"मिटलं कुटं? ओझरवाडीचं एक घर अजून खोट्याचं म्हणवून घेतंय. तुमी शीव घेतली, आमी अब्रू घेतली. दोगांनीबी खोट्या कागदावर."

"आन् दगडावर काय लिवू? तांबखडीनं फसवून शीव घेतली म्हून? ओझरवाडीवाले ढोल वाजवत येतील."

"हात जळला, एवढं लिवा. सोननाक मेला, एवढं लिवा."

"तसं लिवायचं असंल तर दगडच नको," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "आन् सोननाकाचं नावबी नको."

राजरत्न इतका वेळ ओठ आवळून बसला होता. तो फुटला. "काका, काय बोलताय तुमी! गावाच्या चौकात आपल्या माणसाचं नाव आजवर कवा लागलंय? वर्षभर मी ह्यांच्या पाया पडलोय, शिव्या खाल्ल्यात. तुमी सातारला पगार खाताय, आमाला हितं ऱ्हायाचंय. हात उजळ हुता तर काय बिघडतंय? समदी लोकं आपापल्या बापजाद्यांचं फुगवून सांगत्यात. आपूनच का खरं बोलायचं?"

या प्रश्नाला आकारामकडं उत्तर नव्हतं असं नाही. पण ते या पोरापुढं बोलायला त्याला जड गेलं. कारण पोराचं म्हणणं अर्धं खरं होतं. सगळी पाटीलकी, सगळी देशमुखी असल्याच कागदांवर उभी होती. आमच्याच वाट्याला पहिल्यांदा एक खोटा कागद फायद्याचा आला, तर तोही आम्हीच फाडायचा?

"पोरा," तो म्हणाला, "हात उजळ निघाला असं म्हणायचं म्हंजी उकळत्या तेलात महाराचा हात घालणं बराबर व्हतं असं म्हणायचं. देवानं न्याय केला म्हणायचं. आपून देव टाकला नदीत, आन् हा एक दगडावर कोरून घ्यायचा? आन् ती बाई? तिला एकदा राजानं खोटी म्हटलं. आता तिच्या पोटच्यांनीच म्हणायचं?"

राजरत्न उठून गेला. आप्पासाहेबांनी पत्रिकेवर आकारामचं नाव खोडलं. "वाचायचं काम राजरत्न करंल," ते म्हणाले. "पहिला कागद. तू ये, मांडवात बस, जेवून जा."

"मी येनार," आकाराम म्हणाला. "पर दुसरा कागद वाचला न्हाई तर मी वाचनार. आधी सांगून ठेवतो, मागनं गळा काढू नगा."

एप्रिलच्या कार्यक्रमाला दीड हजार माणूस. शिवेवरच्या माळावर मांडव, तालुक्याचे दोन पुढारी, फेटे, हार. दगड भगव्या कापडाखाली झाकलेला. बौद्धवस्ती मांडवाच्या डाव्या अंगाला बसली होती, नवे कपडे घालून, कारण आज नाव लागणार होतं. आकाराम त्यांच्यात बसला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हातभर सरकली. मनुबाई काठी टेकत येऊन त्या मोकळ्या जागेत बसली.

राजरत्ननं महजर वाचला. आवाज चांगला होता त्याचा. "फोड नाही, डाग नाही, हात उजळ," म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. तो कागदाची घडी घालत असतानाच आकाराम उभा राहिला आणि माइकशिवाय, दफ्तरखान्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायच्या आवाजात, त्यानं सुरुवात केली.

"सोननाक महार याचे बायकोने हुजूर येऊन अर्ज केला जे..."

"खाली बस!" कुणीतरी ओरडलं. स्पीकरवाल्यानं प्रसंग ओळखून सनईची कॅसेट लावली. आकाराम वाचतच राहिला, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. दोघेजण त्याच्याकडं निघाले.

आप्पासाहेब व्यासपीठावर खुर्ची धरून उभे होते. कशाची वाट बघत होते कोण जाणे. शेवटी माइकजवळ आले आणि फौजी आवाजात म्हणाले, "बंद कर ती सनई. बंद कर म्हणतो! वाचू दे त्याला."

सनई थांबली. आकारामनं पहिल्यापासून वाचलं. पिशवीला लागून आलेलं कातडं. कोपरापर्यंत नासलेला हात. आणि "सतरा रोज आपण आपले हाते घास भरविले" हे वाचलं तेव्हा डाव्या अंगाला बायकांच्या घोळक्यात काहीतरी हललं. पदर तोंडाशी गेले. माया राजरत्नकडं बघत होती. राजरत्ननं आपला उजवा हात पाठीमागं नेला आणि मान खाली घातली.

पुढच्या ओळी, "अर्ज खोटा, उत्तर देऊ नये," आकारामनं तशाच मोठ्यानं वाचल्या आणि तो खाली बसला.

त्या दिवशी दगडावरचं कापड निघालं नाही. पुढारी घड्याळ बघत गाडीत बसले. जेवणाच्या पंगती उठल्या, पण कमी उठल्या. वस्तीत दोन तट पडले. एक म्हणे, आकारामनं आपलं नाव घालवलं. दुसरा काहीच म्हणत नव्हता. राजरत्न तीन महिने त्याच्याशी बोलला नाही. पंचायतीत ठराव झाला की दगडाचा मजकूर नव्याने ठरवावा, आणि तो काही ठरला नाही. आप्पासाहेबांनी सियाचिनला मेलेल्या त्या पोराच्या घरी पत्र पाठवलं असं गावात बोललं जात होतं. खरंखोटं त्यांनाच माहीत.

जूनमध्ये एका दुपारी दफ्तरखान्याच्या दारात गुंडा उभा होता. धोतर, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. आकाराम स्टुलावरनं उठला. आपण याला दारातनं परत लावलं होतं.

"बसा," तो म्हणाला.

"सोयरीक मागाय आलो न्हाई," गुंडा उभ्यानंच म्हणाला. "पोराचं लगीन झालं, आटपाडीची पोरगी केली. तुमी मांडवात जे वाचलं ते मला कागदावर पायजे. बोललेलं वाऱ्यावर जातंय."

"आवं, कागदानंच तर तुमच्यावर ही वेळ आणली. आन् तुमी कागदच मागता?"

"मग काय मागू? पावणेतीनशे वर्षं आमाला कागदानं हाणलं. तेच्यावर दुसरा कागदच पायजे. भाषणानं न्हाई चालत."

अर्जाच्या नकलेवर सही करायला साहेबांनी नकार दिला. महजराची नक्कल देतो, म्हणाले. अर्जावर खुद्द राजाच्या कचेरीनं खोटा असा शेरा मारलाय, खोट्या अर्जाची खरी नक्कल कशी द्यायची? आकारामला हसू आलं नाही. तो आपल्या स्टुलावर येऊन बसला, फूलस्केप कागद घेतला आणि दोन्ही कागद मोडीतून बाळबोधीत ओळीला ओळ उतरवून काढले. शेरासुद्धा.

गुंडा वाकून बघत होता. "खाली लिवा, येसनाक खरा व्हता. आमची शीव खरी व्हती."

लेखणी थांबली. "ते मला म्हाईत न्हाई, पावणं."

"म्हंजी?"

"हात जळला, एवढंच ह्या कागदावरनं कळतंय. हात जळला म्हून तुमचा येसनाक खरा ठरत न्हाई. तेलात हात घालून शीव कळत नसती. तुमची शीव खरी असंल, नसंल. ते लिवलेलंच न्हाई कुटं."

गुंडाचा चेहरा कठीण झाला. इतक्या लांबून आलेला माणूस. त्याला एक शब्द हवा होता आणि तो शब्द लिहायला आकारामचं काही जात नव्हतं. लिहिला असता तर वाचणारानं मानलाही असता. राजाच्या कारकुनाला तरी दुसरं काय लागलं होतं?

गुंडानं लिहिलेल्या कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "मग जेवढं म्हाईत हाय तेवढंच लिवा. आमाला खोटा म्हटलं ते कशावरनं म्हटलं, एवढं तरी लिवा."

आकारामनं लिहिलं:

"येसनाक महार यास खोटा ठरविले ते सोननाकाचा हात उजळ निघाला या एका कारणाने. सोननाकाची बायको सांगते, हात उजळ नव्हता, जळला होता. तिचे म्हणणे तपासले गेले नाही. शीव कोणाची खरी, ते या कागदांवरून कळत नाही. येसनाकाने खोटे सांगितले, असेही कळत नाही."

त्याखाली त्यानं आपलं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि हुद्दा लिहिला, शिपाई.

"शिक्का?" गुंडानं विचारलं.

"माज्याकडं न्हाई."

गुंडानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तो आकारामपुढं धरला आणि म्हणाला, "आता पैल्यापासनं वाचून दावा. सावकाश."

आकाराम उभा राहिला आणि वाचू लागला.